अडलेल्या मागाचा वास

मैनुद्दीन मिस्त्रीला वास येत नाही.
तीन वर्षांमागं तापातून उठला,
नाक तेवढं तिथंच राहिलं.
अक्कलकोट रोडच्या त्याच्या गॅरेजात आता
गिऱ्हाइकालाच हुंगावं लागतं.

"सांगा, कसला वास येलालाय?"
"रबराचा. जळका."
"ते सगळेच म्हणतात. कसा जळका?"

एप्रिल. दुपारचा दीड.
बॉनेटला हात लावला तर कातडं तिथंच राहील.
मागच्या सीटवर टॉवेलचे बारा गठ्ठे,
चारच्या आत हुबळीच्या ट्रान्सपोर्टला द्यायचे,
आणि मी नाक पुढं करून उभी,
न वाचता परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी.

"जुनी वही चुलीत घातल्यासारखा?"
तो क्लचचा असतो म्हणे.
नाही.
"तव्यावर तेल करपल्यासारखा?"
नाही.
शरणूनं तांब्यातलं पाणी
चारी चाकांवर बोटांनी शिंपडलं,
देवावर शिंपडतात तसं.
एकही चाक चर्र झालं नाही.
"ब्रेक निर्दोष," मिस्त्री म्हणाला.
मग शरणू गाडीखाली गेला,
सायलेन्सरला पिशवीबिशवी चिकटलीय का बघायला,
आणि नुसताच तिथं सावलीत पडून राहिला.

मी डोळे मिटले.
सत्तर फूट रोडची आमची शेड. सोळा माग.
नववा अडायचा. चालता चालता मध्येच, हट्टानं.
मोटर फिरतच राहायची, तिला कोण सांगणार.
पट्टा जागच्या जागी घासत, घासत,
आणि नान्ना बटणाकडं धावत, "आपु! आपु!"
ते पोचायच्या आधी वास पोचलेला असायचा
भिंतीपलीकडं,
आई विड्या वळत बसायची तिथं.

"अडलेल्या मागाचा," मी म्हणाले.

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला.
त्याचा बाप गिरणीत जॉबर होता.
"मग पट्ट्याचा गुन्हा नाही ताई.
कायतरी फिरंना झालंय."

एसी बंद करून पाहिला. वास होताच.
पट्टा उतरवला:
आतून काचेसारखा गुळगुळीत,
कडेला काळी भुकटी, मिसरीसारखी.
मग एकेक पुली हातानं फिरवली.
डायनामोची फिरली.
पाण्याच्या पंपाची फिरली.
एसीची कण्हली,
अर्ध्यात थांबली.
त्यानं डोकं तिरकं करून पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकली.
कान शाबूत आहेत त्याचे.
"बेरिंग. हे अडून बसलंय,
आणि पट्टा बिचारा ओढालाय."

शरणू सात रस्त्याला गेला.
मी गठ्ठ्यांना टेकून बसले, पट्टा मांडीवर घेऊन.
नववा माग. नान्नांनी त्याला
वर्षाला दोन तरी पट्टे बदलले असतील.
दुकानदाराला शिव्या घालायचे, माल हलका देतो म्हणून.
मागाच्या बुशात कुणी बोट घातल्याचं
मला आठवत नाही.
तो शेवटी भंगारात गेला, किलोवर.
त्याच्यावरही नवाच पट्टा होता.

साडेतीनला गाडी चालू झाली.
"हुंगा."
हुंगलं.
"काही नाही."
"काही नाही कसं? नीट सांगा."
"ग्रीस. तापलेलं डांबर. शरणूचा घाम."
शरणू लाजला.
मिस्त्री वाट बघत होता अजून,
म्हणून मी पुन्हा श्वास घेतला:
"आणि शेंगाचटणी. कुठनं तरी."

तो हसला. स्टूलखालनं डबा काढला,
झाकण उघडून माझ्यासमोर धरला,
अगदी पट्टा धरला होता तसाच.
"करपली नाही ना?
घरात विचारलं तर म्हणतात, खा गुमान."

"नाही. चांगली भाजलीय. लसूण जरा जास्त."

चारला वीस मिनिटं होती. मी गिअर टाकला.
कडक भाकरीचा तुकडा हातात मोडून
तो खिडकीशी आला.

"जास्त म्हणजे," म्हणाला, "किती जास्त?"